पश्चदर्शी कॅमेरा, मोटारगाडीतील

मोटारगाडी मागे घेताना तिच्या पाठीमागील जमीन व तीवरील वस्तू चालकाला बसल्या जागेवरून दिसाव्यात म्हणून गाडीच्या मागील भागी बसविलेला लहान कॅमेरा व त्याचे चित्र दाखविणारा पडदा या जोडीस पश्चदर्शी कॅमेरा म्हणतात. पडदा डॅशबोर्डवर किंवा चालकाच्या डोक्यासमोरील आरशातच बसविलेला असतो. नव्या गाड्यांपैकी पुष्कळांत ही सोय कारखान्यातच केलेली असते. ज्या गाडीत ती नसते तीत नंतर बसविता येईल असे संच बाजारात मिळतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः अशा नंतर बसविल्या जाणाऱ्या संचांचा, व त्यांतही आरशातील पडद्याच्या प्रकाराचा, विचार केला आहे.

गरज : गाडीच्या पाठीमागे लगतच्या जमिनीचा बराच भाग चालकाला मान वळवूनही दिसत नाही व आरशातूनही दिसत नाही. या भागास अंध क्षेत्र म्हणतात. त्याचा विस्तार साध्या भूमितीने काढता येतो. एखाद्या उंच बांध्याच्या गाडीत चालकाचा डोळा जमिनीपासून १·७ मी. उंचीवर असून पाठीमागच्या काचेची खालची कड डोळ्यापासून २·८ मी. मागे व १·३५ मी. उंचीवर आहे असे समजू. डोळ्यापासून त्या कडेवरून जाणारी दृष्टिरेषा दर मीटरला १२·५ सेंमी. खाली उतरते आणि डोळ्यापासून १३·६ मी. अंतरावर जमिनीला मिळते. मागचा बंपर डोळ्यापासून ३·२ मी. अंतरावर असेल, तर बंपरमागची १०·४ मी. जमीन चालकाला दिसतच नाही. ८० सेंमी. उंचीचे मूल बंपरपासून ४ मी.पर्यंत कोठेही उभे असले, तर त्याचा केससुद्धा काचेतून दिसणार नाही. बाहेरच्या बाजूंचे आरसे गाडीच्या दोन्ही कडांचे दृश्य दाखवितात, परंतु नेमक्या मधल्या पट्ट्याला त्यांचा उपयोग नाही. मागच्या आसनांची डोके टेकण्याची उशी, डिकीत रचलेले सामान आणि पावसाळ्यात काचेवर धरलेली वाफ यांनी हे क्षेत्र आणखी वाढते.

या क्षेत्रात घडणारे अपघात संख्येने फार नसले, तरी त्यांचे स्वरूप विशेष दारुण असते. ते रस्त्यावर कमी आणि घराच्या अंगणात, इमारतीच्या वाहनतळावर किंवा गल्लीत जास्त घडतात. बळी पडणारी पुष्कळदा अगदी लहान मुले असतात आणि गाडी चालविणारा अनेकदा त्या मुलाचाच पालक किंवा नातलग असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१४ साली नियम करताना दिलेल्या अंदाजानुसार, त्या देशात हलकी वाहने मागे घेताना चिरडून दरवर्षी सरासरी २१० माणसे मृत्यू पावत होती व सु. १५,००० जखमी होत होती. मृतांपैकी ३१ टक्के पाच वर्षांखालील मुले व २६ टक्के सत्तर वर्षांच्या वा त्यापुढील वयाच्या व्यक्ती होत्या. ज्यांना गाडीची चाहूल लागून चटकन बाजूला होता येत नाही, अशीच ही दोन्ही टोके होत.

इतिहास : मागे पाहण्याचा प्रश्न मोटारगाडीइतकाच जुना आहे. इंग्लंडमधील मोटारचालक डॉरोथी लेव्हिट यांनी १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात, गाडी चालविताना जवळ एक हातआरसा बाळगावा व अधूनमधून तो उंच धरून मागची रहदारी पाहावी, असा सल्ला दिला होता. अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे १९११ साली झालेल्या पहिल्या पाचशे मैलांच्या शर्यतीत रे हॅरून यांनी ‘मार्मन वॉस्प’ या आपल्या गाडीवर आरसा बसविला होता आणि ती शर्यत त्यांनीच जिंकली. इतर स्पर्धकांच्या गाड्यांत मागे पाहण्याचे काम शेजारी बसलेला यंत्रज्ञ करीत असे. आपल्याकडे मालमोटारीचा क्लीनर खाली उतरून, मागच्या बाजूच्या पत्र्यावर थाप मारीत ‘येऊ द्या, येऊ द्या’ असे ओरडतो किंवा स्थानकात बस मागे घेताना वाहक शिटीने इशारा देतो, ती त्याच पद्धतीची आजची रूपे होत. ती जुनी असली, तरी कमी दर्जाची समजण्याचे कारण नाही.

आरशाच्या जागी कॅमेरा ही कल्पना १९५६ साली जनरल मोटर्स कंपनीच्या प्रदर्शनात मांडलेल्या ब्यूक सेंच्युरियन या नमुना गाडीत प्रथम दिसते. तीत मागे दूरचित्रवाणी कॅमेरा व डॅशबोर्डवर पडदा दाखविला होता. निर्वात नलिकांवर चालणारा त्या काळचा कॅमेरा आकाराने मोठा, नाजूक आणि महाग असल्यामुळे ही कल्पना प्रदर्शनापुरतीच राहिली. व्होल्व्हो कंपनीच्या १९७२ सालच्या प्रायोगिक सुरक्षा गाडीतही असा कॅमेरा होता. चित्र खरोखर बदलले ते अर्धसंवाहक चित्रसंवेदकामुळे. बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये विद्युत् भार युग्मित प्रयुक्ती शोधून काढली. या कार्याबद्दल २००९ सालच्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. या प्रयुक्तीमुळे अंगठ्याएवढा कॅमेरा शक्य झाला. १९९१ सालच्या टोयोटा सोअरर या जपानी बाजारातील गाडीत असा कॅमेरा रंगीत पडद्यासह मिळू लागला. पुढे कमी विजेवर चालणारा व अधिक स्वस्त असा सीमॉस संवेदक आला आणि कॅमेऱ्याची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. २००७ मध्ये निस्सान कंपनीने गाडीच्या चारही बाजूंच्या कॅमेऱ्यांची चित्रे जोडून गाडी वरून पाहिल्याचा आभास निर्माण करणारी प्रणाली आणली.

रचना व कार्य : संचात कॅमेरा, चित्रसंदेश वाहून नेणारी समाक्ष केबल, पडदा आणि वीजपुरवठ्याच्या तारा असतात. कॅमेऱ्याचे भिंग अतिशय रुंद कोनाचे, सामान्यतः १२० ते १७० अंशांचे असते. कॅमेरा गाडीच्या मधोमध व बंपरच्या जवळ असल्यामुळे दोन्ही मागचे कोपरे दिसायचे, तर एवढा कोन लागतोच. मात्र त्याची किंमत मोजावी लागते. चित्राच्या कडांकडील सरळ रेषा पिंपाच्या फळ्यांप्रमाणे बाहेर फुगलेल्या दिसतात व सर्वच वस्तू लहान, म्हणून दूर असल्यासारख्या भासतात. सु. ९·५ सेंमी. रुंदीच्या पडद्यावर १३० अंशांचे दृश्य दाखविले, तर ६ मी. अंतरावर उभे असलेले ८० सेंमी. उंचीचे मूल जेमतेम अर्ध्या सेंमी.हून थोडे अधिक उंच दिसते. १७० अंशांचे भिंग घेतल्यास ते ४ मिमी.पर्यंत खाली येते. मोठा कोन म्हणजे चांगला कॅमेरा असा ग्राहकांचा समज असतो व विक्रेतेही तो दूर करीत नाहीत. परंतु लहान पडद्यासाठी १३० अंशांच्या आसपासचा कोन अधिक उपयुक्त ठरतो.

कॅमेऱ्याचे चित्र डावे-उजवे उलटवून दाखवावे लागते. ही गोष्ट पुष्कळांना चमत्कारिक वाटते, म्हणून तिचे कारण समजून घेतले पाहिजे. चालकाचे तोंड पुढे व कॅमेऱ्याचे तोंड मागे असते. त्यामुळे गाडीच्या डाव्या बाजूस असलेली वस्तू कॅमेऱ्याच्या मूळ चित्रात उजवीकडे पडते. असे चित्र पाहून चालकाने चाक वळविले, तर गाडी नेमकी त्या वस्तूकडेच जाईल. आरशात मात्र डावीकडची वस्तू डावीकडेच दिसते आणि चालकाच्या हाताला तीच सवय असते. म्हणून मागील कॅमेऱ्यातील विद्युत् मंडल चित्राची प्रत्येक ओळ उलट क्रमाने पाठविते व चित्र आरशासारखे होते. मागच्या गाडीची नंबरपट्टी पडद्यावर उलटी अक्षरे दाखवीत असेल, तर जोडणी बरोबर आहे असे समजावे. अनेक कॅमेऱ्यांना बाहेर एक लहान तारेचा वेढा ठेवलेला असतो. तो कापला की चित्र उलटविण्याचे थांबते व तोच कॅमेरा गाडीच्या पुढील बाजूस वापरता येतो. दुसरा वेढा कापल्यास अंतरदर्शक रेषा नाहीशा होतात. कोणता वेढा कशासाठी हे माहितीपत्रकात पाहिल्याखेरीज कात्री चालवू नये. वेढ्यांच्या रंगांबाबत उत्पादकांत एकवाक्यता नाही.

पडदा द्रव स्फटिकांचा असतो. आरशातील प्रकारात तो अंशतः परावर्तन करणाऱ्या काचेमागे बसविलेला असतो. पडदा बंद असताना ही काच नेहमीच्या आरशासारखी काम करते. पडदा उजळला की त्याचा प्रकाश काचेतून पलीकडे येतो व आरशाच्या एका भागात चित्र दिसते. अंशपरावर्तक काच काही प्रकाश अडवीत असल्यामुळे भर उन्हात चित्र फिके पडते, तर रात्री आरसा साध्या आरशापेक्षा किंचित काळपट वाटतो. या प्रकारापासून सतत चित्र दाखविणारा आरसा वेगळा समजला पाहिजे. त्यात गाडी पुढे जात असतानाही मागच्या रहदारीचे चित्र पूर्ण आरसाभर दिसते. निस्सानने २०१४ साली तो दाखविला आणि कॅडिलॅक कंपनीच्या २०१६ च्या सीटी-६ या गाडीत तो उपलब्ध झाला.

आरसा व पडदा यांत एक मूलभूत फरक आहे आणि तो काचेच्या दर्जावर अवलंबून नाही. सपाट आरशातील प्रतिमा आरशाच्या पृष्ठभागावर नसून वस्तू जितकी दूर असेल तितकी आरशाच्या आत असते. म्हणून आरशात पाहताना डोळ्याचे भिंग दूरच्या दृष्टीसाठीच जुळलेले राहते. पडद्यावरचे चित्र मात्र खरोखर अर्ध्या मीटरवर असते आणि ते पाहण्यासाठी डोळ्याला जवळचे जुळवून घ्यावे लागते. तरुण माणसाला हे जाणवत नाही. चाळिशी लागलेल्या, दूरचे चष्म्याविना वाचू शकणाऱ्या चालकाला मात्र पडद्यावरील चित्र पुसट दिसते आणि तो दोष कॅमेऱ्याचा आहे असे त्याला वाटते. अशा व्यक्तीने संच विकत घेण्यापूर्वी आरशाच्या अंतरावर पडदा धरून पाहावा हे उत्तम. शिवाय एकाच भिंगातून आलेल्या चित्रात दोन डोळ्यांनी मिळणारे खोलीचे ज्ञान नसते. ती उणीव भरून काढण्यासाठी पडद्यावर हिरव्या, पिवळ्या व तांबड्या रेषा आखलेल्या असतात.

वीजपुरवठा : गाडी रिव्हर्स गिअरमध्ये टाकली की गिअरपेटीवरील स्विच मिटतो व मागचा पांढरा दिवा लागतो. कॅमेऱ्याला वीज याच दिव्याच्या तारेतून देतात. त्यामुळे कॅमेरा फक्त गाडी मागे घेतानाच चालू होतो. नेहमीचा दिवा २१ वॉटचा असून १२ व्होल्ट दाबास तो सु. १·७५ अँपिअर प्रवाह घेतो. कॅमेऱ्याला सामान्यतः ०·१ अँपिअरच्या आसपासच प्रवाह लागतो. तेव्हा मूळ तारेवर जादा भार पडण्याची भीती नसते. एंजिन चालू असताना हा दाब १४ व्होल्टपर्यंत चढतो व कॅमेरे त्यासाठी बनविलेले असतात. मालमोटारी व बसगाड्यांत मात्र २४ व्होल्टांची प्रणाली असते. फक्त १२ व्होल्टांसाठी बनविलेला कॅमेरा तेथे जोडल्यास जळून जातो. अलीकडच्या काही गाड्यांत दिव्याला अखंड वीज न देता तुटक स्पंदांच्या रूपाने देतात किंवा नियंत्रक संगणक दिवा गेला आहे काय हे अधूनमधून तपासतो. अशा गाडीत चित्र लुकलुकते अथवा संगणक दोषाची सूचना देतो. त्यावर उपाय म्हणजे दिव्याच्या तारेने केवळ एक अभिचालित्र, म्हणजेच रिले, चालवावयाचा व कॅमेऱ्याला वीज वितळतार बसविलेल्या वेगळ्या तारेतून द्यावयाची. तुटक स्पंदांनी रिले फडफडू नये म्हणून त्याच्या वेटोळ्याला धारित्र जोडतात.

पडद्याला वीज देण्याच्या दोन रीती आहेत. समाक्ष केबलीच्या सोबत पुष्कळदा एक बारीक तांबडी तार दोन्ही टोकांना बाहेर काढलेली असते. ती मागे दिव्याच्या तारेला व पुढे थेट पडद्याच्या वीजतारेला जोडली की काम भागते व डॅशबोर्ड उघडावा लागत नाही. ही रीत सोपी खरी, पण तीत गिअर टाकल्यावर पडदा प्रथमच चालू होत असल्यामुळे चित्र यायला काही सेकंद लागू शकतात. ताशी ५ किमी. वेगाने मागे जाणारी गाडी दोन सेकंदांत २·८ मी. अंतर कापते. म्हणजे ज्या क्षेत्रासाठी कॅमेरा बसविला त्यातील सर्वांत धोक्याचा भाग चित्र येण्यापूर्वीच ओलांडला जातो. दुसऱ्या रीतीत पडद्याला किल्ली फिरविल्यावर चालू होणाऱ्या मंडलातून कायम वीज दिलेली असते आणि तांबडी तार फक्त चित्र दाखविण्याची आज्ञा देते. ही रीत थोडी अधिक खटपटीची असली, तरी तीच पत्करणे योग्य होय.

बसविण्याची पद्धत : कामास हात घालण्यापूर्वी विद्युत् घटमालेचे ऋण अग्र सोडवितात. कॅमेऱ्याची जागा मागील नंबरपट्टीच्या वर, मध्यरेषेवर निवडतात. तेथे नंबरपट्टीवरील दिव्याची खाच असेल, तर तिच्या आडोशाने भिंगावर चिखल कमी उडतो. परदेशात नंबरपट्टीच्याच स्क्रूंवर बसणाऱ्या चौकटीचे कॅमेरे लोकप्रिय आहेत. भारतात मात्र १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना लावल्या जाणाऱ्या उच्च सुरक्षा नंबरपट्ट्या एकदाच वापरता येणाऱ्या, तोडल्याविना न निघणाऱ्या खिट्ट्यांनी जडविलेल्या असतात. त्यामुळे ती चौकट येथे गैरसोयीची ठरते. कॅमेऱ्याने पट्टीवरील एकही अक्षर झाकता कामा नये. पत्र्याला भोक पाडावे लागल्यास आधी आतून तेथे तार, कुलपाची यंत्रणा किंवा मजबुतीची पट्टी नाही याची खात्री करतात. भोकाच्या कडा कानशीने गुळगुळीत करून त्यांवर गंजरोधक रंग लावतात व तारेभोवती रबरी कडे बसवितात. हे न केल्यास दोन पावसाळ्यांत तेथून गंज पसरतो. धारदार कडेवर घासून तारेचे आवरणही फाटते. कॅमेरा निवडताना त्याचा जलरोधाचा दर्जा पाहावा. आयपी-६७ या दर्जाचा अर्थ असा की, तो धुळीपासून पूर्ण बंद असून १ मी. खोल पाण्यात अर्धा तास राहिला तरी बिघडत नाही.

केबल पुढे नेणे हा या कामातील सर्वांत वेळखाऊ भाग होय. मागचे दार वर उघडणारे असेल, तर दार व छप्पर यांना जोडणाऱ्या घडीदार रबरी नळीतून केबल ओवावी लागते. साबणाच्या पाण्याने ती सहज सरकते. तेल वापरू नये, कारण त्याने रबर कुजते. केबल नळीबाहेरून नेली, तर दार मिटताना दररोज ती चिरडली जाऊन काही महिन्यांत तुटते. घाईने केलेल्या कामातील हा नेहमीचा दोष आहे. तेथून पुढे दारांच्या उंबऱ्यांवरील प्लॅस्टिकच्या पट्ट्यांखालून किंवा छताच्या अस्तराच्या कडेने केबल नेतात. मोटारीला ६ मी. केबल सामान्यतः पुरते. आसनांच्या रुळांपासून, सुरक्षा पट्ट्याच्या गुंडाळीपासून व पायांजवळच्या पेडलांपासून ती दूर ठेवतात. पुढच्या काचेशेजारच्या खांबातून केबल आरशाकडे चढविताना विशेष दक्षता लागते. पुष्कळ गाड्यांत त्या खांबाच्या आवरणाखाली व छताच्या कडेला पडद्यासारखी उलगडणारी हवाई पिशवी घडी घालून ठेवलेली असते. केबल तिच्या पुढून गेल्यास अपघाताच्या वेळी पिशवी फुगण्यात अडथळा येईल. म्हणून केबल पिशवीच्या मागून, मूळ तारांच्या जुडग्याला बांधून नेतात. ज्याला हे आवरण काढण्याची माहिती नाही त्याने हा भाग जाणत्या कारागिराकडून करवून घ्यावा.

आरशातील पडदा दोन प्रकारे बसतो. एकात मूळ आरशावरच रबरी पट्ट्यांनी वा चापांनी दुसरा आरसा अडकवितात. दुसऱ्यात मूळ आरसा काढून काचेला चिकटविलेल्या धातूच्या गुंडीवर नवा आरसा लावतात. पहिला प्रकार सुलभ आहे, परंतु जुन्या आरशाच्या सांध्यावर जादा वजन येते व खराब रस्त्यावर आरसा थरथरतो. तारांचे सांधे डाख देऊन व त्यांवर उष्णतेने आवळणारी नळी चढवून केलेले टिकतात. तारेचे आवरण टोचून पकडणारे तयार चाप चटकन बसतात, पण दमट हवेत, विशेषतः कोकणपट्टीत, त्यांच्या आत हिरवा गंज धरतो. कॅमेऱ्याची काळी तार रंगविरहित स्वच्छ धातूला जोडतात. हा जोड कच्चा राहिल्यास पडद्यावर आडवे पट्टे वर सरकताना दिसतात.

केबलीचा त्रास टाळण्यासाठी २·४ गिगॅहर्ट्झ कंप्रतेवर चित्र पाठविणारे बिनतारी संच मिळतात. याच कंप्रता पट्ट्यात घरोघरची वाय-फाय जाळी व ब्लूटूथ उपकरणे चालतात. साध्या सदृश पद्धतीच्या बिनतारी संचात त्यामुळे चित्र तुटते, तर अंकीय पद्धतीच्या संचात ते क्षणभर गोठते. गोठलेले चित्र चालकाला खरे वाटत असल्याने ते न दिसण्यापेक्षाही वाईट. शिवाय कॅमेऱ्याला विजेची तार लागतेच, म्हणून ‘बिनतारी’ हे नाव अर्धेच खरे आहे. मालमोटारीला जोडलेल्या, सुट्या होणाऱ्या अनुयानासाठी मात्र या पद्धतीला पर्याय नसतो. चित्रसंदेशाची पद्धत कॅमेऱ्यात व पडद्यात एकच असावी लागते. ६२५ ओळींची पाल, ५२५ ओळींची एनटीएससी आणि त्यांहून सुस्पष्ट असलेली एएचडी या पद्धती वेगवेगळ्या आहेत. केबल व तिची टोके सर्वत्र सारखीच असल्यामुळे चुकीची जोडी सहज जुळते. चित्र मात्र येत नाही किंवा रंगहीन येते.

रेषांची तपासणी : काम संपल्यावर सपाट जागी बंपरपासून अर्धा, एक, दोन व तीन मीटरवर खडूने रेघा ओढतात व पडद्यावरील रेषा त्यांच्याशी जुळतील असा कॅमेऱ्याचा कल ठरवितात. चित्राच्या तळाशी बंपरची कड किंचित दिसत राहिली पाहिजे. त्यामुळे गाडी कोठे संपते याचे भान राहते. स्वस्त संचांतील रेषा कोणत्याही गाडीला लागू पडतील अशा ठोकळ असतात. त्या स्टिअरिंगच्या चाकाबरोबर वळत नाहीत. त्यामुळे गाडी वळवून मागे घेताना त्यांवर भिस्त ठेवता येत नाही. या रेषा सपाट जमीन गृहीत धरून आखलेल्या असतात ही गोष्टही ध्यानात ठेवावयास हवी. मागे चढ असेल, तर कॅमेऱ्यापासून निघणारी तीच दृष्टिरेषा जमिनीला अलीकडे भेटते. म्हणजे रेषेवर उभी दिसणारी वस्तू प्रत्यक्षात अधिक जवळ असते. उतार असेल, तर याच्या उलट घडते. जमिनीला न टेकलेल्या वस्तूंबाबत फसगत आणखी मोठी होते. मालमोटारीच्या हौद्यातून बाहेर डोकावणाऱ्या लोखंडी सळया पडद्यावर त्यांच्या मागच्या जमिनीवर असल्यासारख्या, म्हणजे दूर दिसतात. उघडे शटर, झाडाची आडवी फांदी व जिन्याचा पुढे आलेला छज्जा हेही याच वर्गातले.

रात्री कॅमेऱ्याला मुख्यतः मागच्या पांढऱ्या दिव्याचाच उजेड मिळतो. कॅमेऱ्याभोवती जडविलेल्या प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थांचा प्रकाश फार दूर पोहोचत नाही. अंधाऱ्या आवारात दिवा अधिक प्रखर करणे हे महाग कॅमेरा घेण्यापेक्षा पुष्कळदा जास्त फलदायी ठरते. भिंगावर चिखलाचा एक थेंब वाळला, तरी रुंद कोनामुळे दृश्याचा मोठा भाग झाकला जातो. पावसाळ्यात म्हणून गाडी काढण्यापूर्वी मऊ ओल्या फडक्याने भिंग पुसण्याची सवय लावून घ्यावी. कोरड्या फडक्याने पुसल्यास धुळीचे कण भिंगावर चरे पाडतात. धुलाई केंद्रात जोरदार पाण्याचा फवारा कॅमेऱ्यावर जवळून मारू देऊ नये. भिंगाच्या आत धुके दिसू लागले, तर जलरोधक कडे निकामी झाले असे समजावे. असा कॅमेरा बदलणेच इष्ट.

नियम : अमेरिकेत २००२ साली एक दोन वर्षांचा मुलगा घरच्या अंगणात वडिलांच्या मागे येणाऱ्या गाडीखाली सापडून मरण पावला. त्या मुलाच्या नावाने झालेल्या कायद्यावर २८ फेब्रुवारी २००८ रोजी राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली. त्या कायद्यान्वये करावयाचा नियम अनेकदा लांबणीवर पडून २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १ मे २०१८ पासून सु. ४,५०० किग्रॅ.हून कमी एकूण वजनाच्या सर्व नव्या वाहनांना तो पूर्णपणे लागू झाला. गाडीमागील सु. ३ मी. रुंद व ६ मी. लांब क्षेत्र पडद्यावर दिसले पाहिजे आणि रिव्हर्स गिअर टाकल्यापासून दोन सेकंदांच्या आत चित्र आले पाहिजे, असे तो नियम सांगतो. चाचणीसाठी त्या क्षेत्रात सु. ८१ सेंमी. उंच व ३० सेंमी. व्यासाचे दंडगोल उभे करतात. ही उंची एखाद्या दीड वर्षाच्या मुलाएवढी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांपैकी मागे जाण्याच्या हालचालीसंबंधीचा नियम क्र. १५८ हा २०२१ साली अंमलात आला. यूरोपीय संघात जुलै २०२२ पासून नव्या नमुन्यांना व जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारींना मागील अडथळा कॅमेऱ्याने वा संवेदकाने ओळखणारी प्रणाली आवश्यक ठरली. भारतात एआयएस-१४५ या मानकानुसार १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागील संवेदक सक्तीचे झाले. त्यांत कॅमेऱ्याची सक्ती नव्हती.

हे संवेदक श्राव्यातीत ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून अंतर ओळखून घंटी वाजवितात. चालकाचे लक्ष अन्यत्र असले, तरी ते त्याला सावध करतात. बारीक खांब, बंपरच्या खालच्या पातळीवरील दगड व मऊ कपड्यातील मूल त्यांच्याकडून क्वचित निसटते. कॅमेरा हे सर्व दाखवितो, पण चालक पडद्याकडे पाहत असेल तरच. शिवाय बाजूने पळत येणारे मूल चित्राच्या चौकटीत शिरण्यापूर्वी बाहेरच्या आरशात किंवा उघड्या खिडकीतून दिसू शकते. म्हणून गाडीभोवती एक फेरी मारून मग बसणे, काच खाली घेणे, चित्र पडद्यावर येईपर्यंत ब्रेकवरचा पाय न उचलणे आणि पडद्यावरून दृष्टी वारंवार आरशांकडे व मागच्या काचेकडे नेणे, हा क्रम पाळावा लागतो. घरात लहान मूल असल्यास गाडी हलण्यापूर्वी ते कोणाच्या तरी हातात किंवा डोळ्यांसमोर आहे हे चालकाने स्वतः विचारून घ्यावे.